चित्रचरित्र की माहितीचं चित्रपुस्तक? निवडण्याआधी काय ताडून पाहायचं

मुलासाठी खऱ्या गोष्टींचं चित्रपुस्तक घ्यायचं म्हटलं की पुढ्यात तीन जातींची पुस्तकं येतात. एखाद्या माणसाचं जन्मापासून मृत्यूपर्यंतचं चरित्र, त्याच माणसाच्या आयुष्यातला एकच तुकडा धरून सांगितलेली गोष्ट, आणि देवमासा, ज्वालामुखी, पाऊस असा विषय उलगडणारं माहितीपर पुस्तक. मुखपृष्ठावरून तिन्ही सारखीच गोजिरी दिसतात. फरक कळतो तो वाचायला बसल्यावर, आणि तोवर पुस्तक घरात आलेलं असतं. म्हणून तो आधीच पाहिलेला बरा.

जन्म ते मृत्यू, की एकच तुकडा?

इथे पानांचं गणित निर्णायक ठरतं. चित्रपुस्तक बहुधा ३२ पानांचं असतं, कारण मोठा कागद छापून घड्या घातल्या की ८ किंवा १६ पानांचा फर्मा होतो आणि पुस्तक फर्म्यांच्या पटीत बांधलं जातं. नामपान, श्रेयनामावली वगैरे वजा केलं की गोष्टीला १३-१४ जोडपानं उरतात. जोडपान म्हणजे पुस्तक उघडल्यावर समोरासमोर दिसणारी दोन पानं. आता मारी क्युरी यांचं आयुष्य घ्या. १८६७ ते १९३४, म्हणजे ६६ वर्षं. ती १४ जोडपानांत बसवायची तर एकेका जोडपानाच्या वाट्याला जवळपास पाच वर्षं येतात. १९०३ आणि १९११ ची दोन नोबेल पारितोषिकं दोनदा पान उलटलं की संपतात. टनावारी खनिज उकळून, ढवळून १९०२ मध्ये हाती आलेलं रेडियम क्लोराइड फक्त एक दशांश ग्रॅम होतं, हे सांगायला जागाच राहत नाही. उरते ती ‘खूप कष्ट केले, मग बक्षीस मिळालं’ अशी एक ओळ. ही ओळ कुठल्याही चरित्रात चिकटवता येते, आणि तीच त्या पुस्तकांची अडचण आहे.

एकाच तुकड्याचं पुस्तक हीच १४ जोडपानं वेगळ्या रीतीनं खर्च करतं. लुई ब्रेल यांचं उदाहरण पाहा. वडिलांच्या कामाच्या टोच्यानं तिसऱ्या वर्षी डोळ्याला इजा, दहाव्या वर्षी पॅरिसच्या अंध मुलांच्या शाळेत प्रवेश, १८२१ मध्ये तिथे बारबिए यांच्या ठिपक्यांच्या लिपीशी गाठ, आणि १८२४ पर्यंत, म्हणजे पंधराव्या वर्षी, स्वतःची लिपी जवळपास तयार. पुस्तकानं फक्त ही तीन वर्षं धरली तर खरी गंमत सांगता येते. बारबिए यांच्या चिन्हात बारापर्यंत ठिपके असत. एवढं मोठं चिन्ह बोटाच्या टोकाखाली एका वेळी मावत नसे, त्यामुळे बोट वरखाली फिरवावं लागे. शिवाय ती चिन्हं अक्षरांची नव्हती, उच्चारांची होती, त्यामुळे शुद्धलेखन आणि विरामचिन्हं दाखवता येत नसत. ब्रेल यांनी ठिपके सहावर आणले. सहा ठिपक्यांचं चिन्ह एका स्पर्शात कळतं आणि त्यातून ६३ वेगवेगळ्या रचना होतात. ही अडचण आणि हा तोडगा सहा वर्षांच्या मुलालाही कळतो, कारण तो बोटानं करून पाहता येतो.

ब्रेल यांच्यावरचं पुस्तक हातात घेतलंत तर ठिपक्यांच्या पानावरून बोट फिरवून पाहा. खऱ्या ब्रेल लिपीतला ठिपका साधारण अर्धा मिलिमीटर उंच असतो. अनेक पुस्तकांत तिथे नुसते काळे गोल छापलेले असतात, म्हणजे स्पर्शाची लिपी फक्त डोळ्यांना दाखवलेली. कुठे चकचकीत वार्निशचा थर देतात, तो बोटाला जेमतेम जाणवतो. ज्या पुस्तकात ठिपके खरोखर उठवलेले असतील ते इतर बाबतींत थोडं डावं असलं तरी घ्यावं.

तुकड्याच्या पुस्तकात फसगत होते ती वेगळ्या जागी. गोष्ट नेटकी व्हावी म्हणून बाकीची माणसं गाळली जातात. मेरी अ‍ॅनिंग यांनी बाराव्या वर्षी समुद्रकाठच्या कड्यातून इक्थिओसॉरचा, म्हणजे फार पूर्वीच्या एका समुद्री सरीसृपाचा, जीवाश्म काढला, असं सरसकट छापलं जातं. प्रत्यक्षात १८११ मध्ये कवटी सापडली ती भावाला, जोसेफला. उरलेला सांगाडा पुढच्या वर्षी मेरीनं शोधला. जोसेफचा एका ओळीचा उल्लेख आहे का, एवढं पाहिलं तरी लेखकाची जात कळते.

पूर्ण आयुष्याचं चरित्र कधी घ्यावं? मूल आठच्या पुढचं असेल, शाळेत कुणाविषयी बोलायचं किंवा लिहायचं असेल, किंवा त्या माणसाचं मोठेपण एका घटनेत मावणारं नसेल तर. एरवी तुकड्याचं पुस्तक उजवं. त्यातही शेवटी एक पानभर कालरेषा असेल तर दोन्ही कामं एकाच पुस्तकात भागतात.

अवतरणचिन्हांवर नजर

चरित्र कुठल्याही जातीचं असो, ते मागून उघडा. शेवटच्या दोन-तीन पानांत लेखकाचं टिपण, कालरेषा, त्या माणसाचा खरा फोटो किंवा व्यक्तिचित्र, कशाच्या आधारे लिहिलं त्याची यादी, यातलं काय आहे ते पाहा. चांगलं टिपण स्पष्ट सांगतं: हे संवाद पत्रांतून घेतले, ही मैत्रीण काल्पनिक आहे, या दोन घटना सोयीसाठी एकत्र केल्या. अशी कबुली असलेलं पुस्तक काल्पनिक संवाद असूनही विश्वासाचं. कबुली नाही आणि पानोपानी अवतरणचिन्हं आहेत, तर ते चरित्र नव्हे, इतिहासावर बेतलेली कल्पित गोष्ट समजून वाचा. दोनशे वर्षांपूर्वी स्वयंपाकघरात आई मुलीला काय म्हणाली ते टिपून ठेवायला तिथे कोणी बसलं नव्हतं.

न्यूटन ही सोपी कसोटी आहे. सफरचंद पडताना पाहून विचार सुरू झाला, असं न्यूटन यांनी उतारवयात सांगितलं होतं आणि त्याची नोंद आहे. ते डोक्यावर पडल्याला मात्र आधार नाही. चित्रात टेंगूळ आणि डोक्याभोवती चांदण्या असतील तर पुस्तक खाली ठेवायला हरकत नाही. दुसरी खूण जरा बारीक आहे. सफरचंदाचा काळ १६६६ च्या आसपासचा, आणि गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडणारा ग्रंथ छापला गेला १६८७ मध्ये. एका पानावर सफरचंद आणि पुढच्याच पानावर शोध, असं दाखवलं की मधली २१ वर्षं गायब होतात. मग मुलाला वाटतं की हुशार माणसांना सगळं पटकन सुचतं.

दुःखद आणि क्रूर भागाचं काय करायचं, हा चरित्रातला सर्वात अवघड प्रश्न. आनंदीबाई जोशी यांचा जन्म १८६५ चा, लग्न नवव्या वर्षी, चौदाव्या वर्षी झालेलं बाळ दहा दिवसांत गेलं, १८८६ मध्ये वैद्यकीय पदवी आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाच्या २१ व्या वर्षी मृत्यू. लहान मुलांचं पुस्तक म्हणून बाळाचा मृत्यू गाळला तर डॉक्टर होण्याचा ध्यास हवेत लटकतो. पाच वर्षांच्या मुलाला ‘त्यांचं बाळ आजारी पडलं आणि वाचलं नाही’ एवढं सांगितलेलं चालतं. न चालणारी गोष्ट म्हणजे नऊ वर्षांच्या मुलीचं लग्न फुलाफुलांच्या गोड चित्रात बसवणं. इथे चित्र मजकुरापेक्षा जास्त बोलतं, तेव्हा आधी चित्र तपासा.

माहितीपर पुस्तक: वाचायचं की चाळायचं?

माहितीच्या पुस्तकांत दोन तऱ्हा आहेत. एक सलग गोष्टीसारखं चालतं, दुसऱ्यात पानभर चौकटी, बाण आणि आकडे विखुरलेले असतात. चौकटींचं पुस्तक मोठ्यानं वाचायला घेतलं की घोळ होतो. आधी काय वाचायचं, ही चौकट त्या चित्राची की पलीकडच्या, आणि मूल तोवर पान उलटून मोकळं. ते पुस्तक मुलानं एकट्यानं, कुठूनही उघडून पाहण्यासाठीच असतं. झोपताना वाचायला सलग मजकुराचं हवं. मोठ्या अक्षरात गोष्टीची एकेक ओळ आणि त्याच पानावर बारीक टायपात तपशील, अशी दुहेरी मांडणी मिळाली तर दोन वेगळ्या वयांच्या भावंडांत एकच पुस्तक चालतं.

सलग पुस्तकांत बोलका थेंब, हसरा दात अशी पात्रं पुष्कळ. एक वाक्य तपासायला घ्या. ‘थेंबाला आकाशात जावंसं वाटलं’ आणि ‘उन्हानं पाणी तापलं, त्याची वाफ झाली, ती वर गेली’. पहिलं गोड आहे, पण कारण खोटं आहे. दुसऱ्यात ऊन हे कारण शिल्लक राहतं. थेंबाला डोळे आणि नाव असायला हरकत नाही. वर जाण्याचं कारण मात्र ऊनच राहिलं पाहिजे.

माहिती शिळी होते हा या जातीचा दोष, चरित्रांना तो फारसा बाधत नाही. २००६ मध्ये प्लूटो ग्रहांच्या यादीतून वगळला गेला. १९९६ मध्ये पिसांचं आवरण असलेला डायनोसॉर जगापुढे आला आणि नंतर असे आणखी अनेक सापडले. म्हणून छापील वर्ष पाहा, पण तेवढ्यावर विसंबू नका. पुनर्मुद्रण आणि सुधारित आवृत्ती या दोन वेगळ्या गोष्टी. नव्या वर्षाखाली जुनीच चित्रं खुशाल छापतात. स्टेगोसॉरस आणि टी-रेक्स यांची झुंज दाखवणारं चित्र दिसलं तर समजा की चित्रकाराला कोणी काही विचारलंच नाही. पहिला साधारण १५ कोटी वर्षांपूर्वीचा, दुसरा पावणेसात कोटी वर्षांच्या अलीकडचा. एकाच बर्फावर पेंग्विन आणि ध्रुवीय अस्वल, हा याचाच धाकटा भाऊ.

फोटो की चित्र?

फोटो खरा आणि चित्र खोटं, इतकं सरळ हे नाही. फोटोत एक विशिष्ट प्राणी, एका विशिष्ट क्षणी दिसतो. वारुळाचा उभा छेद किंवा हृदयाचे कप्पे दाखवायचे तर चित्रच लागतं. पण चित्राचे संकेत मुलांना ठाऊक नसतात. शरीराच्या आकृतीत शिरा निळ्या रंगवतात आणि मूल रक्त निळं असतं असं धरून चालतं. ‘वेगळ्या ओळखू याव्यात म्हणून हा रंग दिला आहे’ असं वाक्य जवळ हवं. सूर्यमालेचंही तेच. सूर्य एक मीटर व्यासाचा धरला तर पृथ्वी जेमतेम ९ मिलिमीटरची होते आणि तिला सूर्यापासून १०७ मीटरवर ठेवावं लागतं. हे कुठल्याच पानावर मावणार नाही, तेव्हा प्रमाण चुकणं हा गुन्हा नव्हे. तसं लिहून न ठेवणं हा आहे.

चरित्रात मिश्रण उत्तम: गोष्टीत रंगवलेली चित्रं, शेवटी खरे फोटो. विल्सन बेंटली यांनी १८८५ पासून हिमकणांचे ५००० हून अधिक फोटो काढले. त्यांच्यावरच्या पुस्तकात एकही मूळ फोटो नसेल तर ते कशाला घ्यायचं?

हातात घेऊन पाहायच्या गोष्टी

जोडपानाच्या बरोबर मध्यावर चेहरा किंवा आकृतीतलं नाव आलंय का पाहा. डिंकाच्या बांधणीत मधली पट्टी गिळली जाते आणि जोरानं उघडलं की पानं सुटतात. शिवलेल्या बांधणीत फर्म्याच्या मधोमध दोरा दिसतो, ती जास्त टिकते. उघडायच्या झडपा असतील तर बोट घालायला खाच आहे का तपासा. खाच नसली की मूल कडेला नखानं उचकटतं आणि झडप पहिल्याच आठवड्यात हातात येते. भाषांतरित पुस्तकात आकृतीतली नावंही भाषांतरित आहेत का आणि फूट-मैलांचं मीटर-किलोमीटर केलंय का, हे शेवटी पाहा.

मग कोणासाठी कोणतं?

तीन ते पाच वर्षांच्या मुलाला माहितीपर, एका पानावर एकच गोष्ट असलेलं. या वयात १८२४ हा नुसता आकडा असतो, ‘आजीच्या आजीच्याही आधी’ म्हटलं तर थोडंफार पोचतं. म्हणून चरित्राची घाई नको. पाच ते सात वर्षांच्या मुलाला एकाच तुकड्याचं चरित्र मोठ्यानं वाचून दाखवा. ८०० ते १००० शब्दांचा मजकूर चित्रं पाहत पाहत १०-१५ मिनिटांत होतो. त्याहून लांब असेल तर बैठक मोडते. आठच्या पुढे पूर्ण चरित्र, आणि माहितीपर घेतलंत तर मागे सूची असलेलंच, कारण या वयात मूल हवी ती गोष्ट शोधायला पुस्तक उघडतं.

गोष्टीत न रमणाऱ्या, सतत ‘कसं चालतं’ विचारणाऱ्या मुलाच्या बाबतीत वयाचा हा हिशेब बाजूला ठेवा. त्याला यंत्राचं, किड्याचं, ठिपक्यांच्या लिपीचं पुस्तक आधी द्या, ते बनवणारा माणूस नंतर येऊ दे. आणि दोन पुस्तकं घेण्याची सोय असेल तर एकाच माणसावरची दोन घ्या. मेरी अ‍ॅनिंगच्या एका पुस्तकात जोसेफ असेल, दुसऱ्यात नसेल. मूल हे स्वतः पकडतं आणि मग विचारतं, ‘यातलं खरं कुठलं?’