लालबागचं मसाला कांडप आणि आमची अदपाव लवंगी

लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत शिरलं की आधी ठसका लागतो, मग दुकानं दिसतात. मार्च ते मे तिथे पाय ठेवायला जागा नसते. मी ज्या कांडपाबद्दल लिहितेय त्याच्या पाटीवरचं नाव पार पुसलं गेलंय, 'मसाला कांडून मिळेल' एवढंच वाचता येतं. यंदा एप्रिलमध्ये मी तिथून आमच्या घरचा मालवणी मसाला करून आणला. माझ्या हातून झालेला पहिलाच.

इतकी वर्षं हे काम आईचं होतं. ती दिवाळीनंतर गेली. फेब्रुवारीत तिच्या चिनी मातीच्या बरणीत चमचा तळाला लागायला लागला, तेव्हा मी विकतची दोन पाकिटं आणली. मसाले वाईट नव्हते, पण सुंगटाच्या कालवणाला दुसऱ्या कुणाच्या तरी घरचा वास आला. भाऊ जेवायला होता. तो काही बोलला नाही, फक्त दुसऱ्यांदा भात घेतला नाही. त्या रात्री मी आईचं कपाट उपसलं.

प्रमाण सापडलं ते 1984 च्या कालनिर्णयच्या मे महिन्याच्या पानावर, तारखांवरूनच आडवं लिहिलेलं. बेडगी 1 किलो, धणे अर्धा किलो, मग बडीशेप, खसखस, मिरी, लवंग, दालचिनी, दगडफूल, नागकेशर, बादियान, मसाला वेलची, जायपत्री, हळकुंड, हिंग. लवंगी मिरचीपुढे 'पाव किलो' लिहून खोडलेलं आणि वर 'अदपाव', म्हणजे त्याच्या निम्मं. खाली रेघ मारून, 'त्रिफळं यात नको, माशाच्या कालवणात वेगळी.'

हे पान घेऊन मी गल्लीत तीन दुकानं फिरले. पहिल्या दोघांनी पान हातातही घेतलं नाही. 'आमचा मालवणी तयार आहे, तोच न्या, सगळे तोच नेतात.' तिसऱ्या ठिकाणी, म्हणजे इथे, गल्ल्यावरच्या काकांनी चष्मा लावून पान शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, 'मालवणी म्हणताय आणि लवंगी एवढीच?' मी म्हटलं, आईने लिहिलंय तसंच करायचंय. 'मग तसंच होईल,' म्हणाले. मला हे दुकान आवडलं ते इथेच.

मिरची त्यांच्याकडूनच घेतली. बेडगीला 2011 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी तिच्या नावावर बाजारात काहीही खपतं, म्हणून मी जरा सावध होते. काकांनी न सांगता एक मिरची मोडून माझ्या हातावर ठेवली. गडद लाल, सुरकुतलेली साल, आत बी थोडं. घरी आणून तीन दिवस गच्चीत वाळवली, देठं काढली आणि चौथ्या दिवशी सकाळी पुन्हा गल्लीत हजर.

ते तुमचा माल तुमच्या डोळ्यांदेखत भाजतात. प्रत्येक जिन्नस वेगळा, कढईत तेलाचा नुसता हात फिरवून. खसखस कोरडीच, आणि सगळ्यात शेवटी. भाजणाऱ्या मावशी कढईकडे कमी बघतात, वासावर चालतात. धणे उतरवायच्या आधी त्यांनी दोन दाणे चिमटीत चुरडून माझ्या नाकाशी धरले. 'असा वास आला की थांबायचं. याच्यापुढे गेले की कडू.' आईने मला हे कधी सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

मग डंख, म्हणजे कांडायचं यंत्र. लोखंडी मुसळं आळीपाळीने उखळीत पडत राहतात, पायाखालची लादी हादरते, शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. चक्कीत मसाला फार तापतो आणि वास उडतो, डंखावर त्या मानाने कमी. कांडलं की चाळायचं आणि चाळणीत उरलेलं भरड पुन्हा उखळीत. आमच्या मसाल्याला चार फेऱ्या लागल्या. कुणी घाई केली नाही.

मुसळं पडत असताना मी बाहेर येऊन वेंगुर्ल्याला आत्याला फोन लावला. लवंगीचं काकांनी विचारलेलं डोक्यातून जात नव्हतं. आमच्या घरचा मसाला सौम्य, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. आपली तशी पद्धत, एवढंच मला माहीत. आत्या म्हणाली, 'आप्पांक खोकलो येय गो. लवंगी भाजूक घेतली की रातभर बसान काढीत.'

आप्पा म्हणजे माझे आजोबा. याच भागातल्या एका गिरणीत कार्डिंग खात्यात होते. कापसाची धूळ तिथे सर्वांत जास्त. छातीत बसली ती कायमची. आजी तेव्हा चाळीतल्या एका खोलीत गिरणीवाल्यांची खानावळ चालवायची, गावाकडे बायकापोरं ठेवून आलेल्या पंधराएक जणांची. अशा खानावळवाल्या बायका गिरणगावात घरोघरी होत्या. त्यांच्यासाठीच प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. आजी आणि आई दोघी मिळून पंधरा जणांचा मसाला वर्षाचा करायच्या, त्याच खोलीत. आप्पांसाठी त्यांनी लवंगी निम्मी केली आणि ती तशीच राहिली. आप्पांना जाऊनही चाळीस वर्षं होत आली. आम्ही अजून त्यांच्या खोकल्याच्या मापाने तिखट खातो. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ आत गेले नाही. मावशींनी पाणी आणून दिलं, त्यांना वाटलं मिरची लागली.

एक तक्रार आहे आणि ती करायलाच हवी. मसाला अजून कोमट असताना त्यांनी पातळ प्लास्टिकच्या पिशवीत भरून तोंड बांधलं. घरी पोचेपर्यंत आतून घाम धरला होता. मी लगेच कागदावर पसरून गार केला म्हणून वाचला. तुम्ही गेलात तर स्टीलचा मोठा डबा न्या आणि झाकण घरी येईपर्यंत उघडं ठेवा. इतकी मेहनत घेणाऱ्यांनी शेवटच्या पाच मिनिटांत अशी घाई करू नये. मजुरी वजनावर आहे, भाजण्याचे पैसे वेगळे. ते आधी विचारून घ्या, माझा थोडा गोंधळ झाला. शनिवार-रविवार टाळा. मधल्या वारी नऊच्या आत गेलात तर दुपारपर्यंत मोकळे व्हाल. चिंचपोकळी स्टेशनवरून चालत जाता येतं.

गार झालेला मसाला दाबून दाबून तीन बरण्यांत भरला, वर हिंगाचे खडे ठेवले. एक माझी, एक भावाची, एक बडोद्याला बहिणीकडे. बहिणीने बरणी उघडून फोन केला आणि नुसतीच रडली. आम्ही दोघी बराच वेळ तशाच फोनवर होतो.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. हे लोक गिऱ्हाइकाचं प्रमाण एका जाड वहीत उतरवून ठेवतात, म्हणजे पुढच्या वर्षी कागद हरवला तरी अडत नाही. पैसे देताना काकांनी ती वही काढली आणि मी वाचत गेले तसं ते लिहीत गेले. लवंगीपाशी थांबले. 'पुढच्या वर्षी वाढवायची का थोडी? आता घरात कुणाला त्रास नाही ना?' फोनवरचं बोलणं त्यांच्या कानावर गेलं असावं. मी त्यांच्या हातातून पेन घेतलं आणि अदपाव मीच लिहिलं.