आठवीच्या वर्गात फेट, आठ महिन्यांनंतर

आटपाडी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. आठवीत २३ मुलं आहेत. जूनपासून फेब्रुवारीपर्यंत फेटची सिम्युलेशन्स, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर करून बघायचे प्रयोग, वर्गात चालवली, त्याबद्दल लिहिते आहे. आधीच सांगते, सगळी वापरलेली नाहीत. खरी राबवली ती दोनच. एक विजेचा परिपथ जोडायचं आणि दुसरं अणू तयार करायचं. बाकीची उघडून पाहिली, मुलं थोडा वेळ हसली-खिदळली आणि आम्ही पुस्तकाकडे वळलो.

ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. फेट हा अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या शाखेचा प्रकल्प आहे. २००१ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल ज्यांना विभागून मिळालं, त्या कार्ल वीमन यांनी तो २००२ मध्ये सुरू केला. पैसे लागत नाहीत, लॉगिन लागत नाही, मध्येच जाहिरात येत नाही. भाषांतरं स्वयंसेवक करतात, त्यामुळे काही मराठीत मिळतात, काही मिळत नाहीत. आमच्यासारख्यांना सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे सिम्युलेशनची फाइल उतरवून ठेवली की नंतर इंटरनेट लागत नाही. मी घरून पेनड्राइव्हवर आणते. शाळेत रेंज हवी असेल तर पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभं राहावं लागतं.

टीव्ही लोकवर्गणीतून आलेला, ४३ इंची. त्याच्याबरोबर 'डिजिटल अभ्यासक्रम' म्हणून एक सॉफ्टवेअर आलं होतं. वर्षभराने त्याने नवीन की मागितली, विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं, आणि तेव्हापासून तो टीव्ही पंधरा ऑगस्टला भाषण ऐकण्यापुरता उरला होता. टीव्हीतल्या ब्राउझरवर सिम्युलेशन रडतखडत चालतं, म्हणून माझा जुना लॅपटॉप एचडीएमआय केबलने जोडते. दुपारी पश्चिमेच्या खिडकीतून पडद्यावर ऊन येतं, तिथे सतरंजी टांगली आहे. वीज गेली की तास फळ्यावर. यापेक्षा जास्त तयारी आमच्याकडे नाही आणि एवढ्यात भागतं.

आता मुख्य गोष्ट. आठवीचा 'धाराविद्युत आणि चुंबकत्व' हा पाठ. मी इतकी वर्षं तो फळ्यावर आकृती काढून शिकवला आणि मुलांनी व्याख्या पाठ केल्या. या वेळी आधी एक प्रश्न टाकला: बल्बच्या अलीकडे एक अमीटर (धारा मोजायचं यंत्र) लावला आणि पलीकडे एक लावला, तर कुठला जास्त दाखवेल? उत्तर वहीत लिहायचं, खोडायचं नाही. बहुतेकांनी लिहिलं, अलीकडचा. कारण बल्ब वीज 'खातो'. घरी लाइट बिल येतं ते कशाचं?

मग परिपथ सिम्युलेशनमध्ये जोडला. ९ व्होल्टची बॅटरी, १० ओहमचा बल्ब, दोन अमीटर. दोन्हीकडे ०.९० अँपिअर. मला वाटलं, झालं, पटलं. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, त्यात तसं भरूनच ठेवलं असणार की."

मुलगा बरोबर बोलला होता. पडद्यावरचा अमीटर काही मोजत नाही, त्याला जे सूत्र दिलंय ते तो दाखवतो. मी ते सूत्रच पुरावा म्हणून मुलांपुढे ठेवत होते.

दुसऱ्या दिवशी आटपाडीहून मल्टिमीटर (धारा, व्होल्ट मोजायचं खरं यंत्र), टॉर्चचे बल्ब, होल्डर आणि सेल आणले. पहिल्याच जोडणीत तार मल्टिमीटरच्या २०० मिलिअँपिअरपर्यंतच मोजणाऱ्या भोकात घातली आणि फ्यूज घालवला. टॉर्चचा बल्ब त्याहून जास्त ओढतो हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. (मुलांना हा तास अजून आठवतो, ओहमचा नियम आठवो न आठवो.) मग १० अँपिअरच्या जागी लावून बल्बच्या दोन्ही बाजूंना मोजलं. आकडा तोच. मागच्या बाकावरच्या त्या मुलानेच तारा बदलून तीनदा मोजलं.

तेव्हापासून माझा क्रम ठरला: आधी अंदाज वहीत, मग खरी तार, मग पडदा. पडदा शेवटी, कारण 'असं का' हे तार सांगत नाही. तिथे इलेक्ट्रॉनचे निळे ठिपके सगळ्या तारेत एकदमच सरकताना दिसतात, बल्बच्या आत जितके शिरतात तितकेच बाहेर पडतात. मी फळ्यावर बाण काढून हे कधीच दाखवू शकले नसते.

उलटही झालं. दोन खरे बल्ब एकसरीत, म्हणजे एकामागे एक, जोडले तेव्हा एक ठळक लागला, एक मंद. मुलं लगेच म्हणाली, पहिला जास्त ओढतो, दुसऱ्याला उरलंसुरलं. मी बल्बांच्या जागा बदलायला सांगितल्या. जो ठळक होता तो दुसऱ्या जागीही ठळकच. म्हणजे फरक जागेचा नव्हता, बल्बांचा होता. दोन वेगवेगळ्या दुकानांतले बल्ब ते. पडद्यावर दोन्ही बल्ब सुरुवातीला अगदी सारखे असतात, त्यामुळे हा प्रश्न तिथे उठलाच नसता. पण उठल्यावर उत्तर पडद्यानेच दिलं. एका बल्बचा रोध २० ओहम केला, दुसऱ्याचा १० ठेवला. धारा दोघांतून ०.३० अँपिअर, आणि २०वाला जास्त ठळक.

शॉर्ट सर्किट मात्र फक्त पडद्यावरच करा. बॅटरीला ज्वाळा लागतात, पोरं टाळ्या पिटतात. घरच्या बोर्डात असलं काही करायचं नाही, हे मी त्याच तासाला तीनदा सांगितलं आणि तुम्हीही सांगा. पडद्यावरची आग एका क्लिकमध्ये विझते, म्हणून सांगायलाच हवं. सिम्युलेशनमधल्या वस्तूंच्या डब्यात नाणं, पेपरक्लिप, खोडरबर, पेन्सिल आणि चक्क एक कुत्रा आहे. कुत्र्यावर दहा मिनिटं गेली, जाऊ द्यावीत. पेन्सिलवरचा तास मात्र वसूल झाला: तिच्यातून थोडीशीच धारा वाहते, हे पाहून मुलांनी खऱ्या पेन्सिलीला दोन्हीकडून टोक काढलं आणि ९ व्होल्टच्या बॅटरीवर एलईडी लावून दाखवला.

'अणूचे अंतरंग'साठी अणू तयार करायचं सिम्युलेशन घेतलं. प्रोटॉन, न्यूट्रॉन, इलेक्ट्रॉन टोपल्यांतून उचलून टाकायचे, मूलद्रव्याचं नाव आपोआप बदलतं. आयनची (इलेक्ट्रॉन कमी-जास्त झालेल्या अणूची) कल्पना इथे जितकी पटकन बसली तितकी कधी बसली नव्हती. पण ते निऑनपर्यंतच जातं. पुस्तकात सोडियम आहे, क्लोरीन आहे, आणि मुलांना मीठ करून बघायचं होतं. शेवटी सोडियमसाठी पटांगणात रांगोळीने तीन वर्तुळं काढली, मध्ये तूर आणि हरभरा, कक्षांत ज्वारीचे दाणे: २, ८, १. चित्रात केंद्रक फार मोठं दिसतं हेही सांगून ठेवावं लागतं. अणू केंद्रकाच्या दहा हजार ते लाख पटींनी मोठा. केंद्रक एका हरभऱ्याएवढं धरून तो वर्गात ठेवला तर ज्वारीचे दाणे गावाबाहेर एसटी थांब्यापाशी न्यावे लागतील, असं मी सांगितलं. एकाने विचारलं, मग मधे काय आहे? त्या तासाचं हेच फलित.

खटकणाऱ्या गोष्टी आहेतच. लॅपटॉप एक, मुलं २३. माऊस तीनच मुलांच्या हातात फिरतो, आणि ती तीन मुलं बहुतेक मुलगेच असतात. सप्टेंबरपासून हजेरीच्या क्रमाने माऊस द्यायला लागले, तेव्हा पाच-सहा मुलींनी वर्षात पहिल्यांदा काहीतरी जोडलं. अमीटरचे आकडे मागून दिसत नाहीत. एक मूल वाचक म्हणून पुढे उभं करते, ते मोठ्याने ओरडतं. शिवाय पालकांच्या मोबाइलवर हे चालतं म्हणून मी गृहपाठ दिला होता. ज्यांच्या घरी एकच फोन आणि तोही वडिलांबरोबर शेतात, त्यांचं काय, हे दुसऱ्या दिवशी दोन कोऱ्या वह्या बघून कळलं. तो गृहपाठ बंद केला.

पुढच्या जूनसाठी मुख्याध्यापक सरांना दिलेली यादी: पाच मल्टिमीटर, वीस होल्डर, एकाच दुकानातले बल्ब, आणि मुद्दाम दुसऱ्या दुकानातले दोन. फ्यूज डझनभर.