पुरातून वाचलेलं लाकूड आणि दोन पानांचा करार

जुनं घर पाडून त्याच जागेवर नवं बांधायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांनी कॉन्ट्रॅक्टरच्या हाती किल्ली द्यायच्या आधी हे वाचावं, एवढ्यासाठी लिहिते आहे. आमचे 17 लाख 72 हजार गेले. ते कसे गेले ते सांगतेच, पण पैशांबरोबर जे गेलं ते आधी सांगते. त्याच्याशिवाय आम्ही फसलो कसे, हे कळणार नाही.

आमचं घर पुण्यात, सहकारनगरमध्ये. गच्चीवरून पर्वती दिसायची. त्याआधी सासरची मंडळी नारायण पेठेत नदीच्या बाजूला राहत. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं, मग खडकवासला फुटलं, आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. वाड्याच्या मातीच्या भिंती बसल्या, पण सागवान टिकलं. मामंजींच्या वडिलांनी चिखलातून चौकटी, दाराच्या फळ्या, झोपाळ्याचा पाट आणि पितळी कड्या शोधून काढल्या, धुऊन सावलीत वाळवल्या. सहकारनगरचं घर 1964 मध्ये उभं राहिलं तेव्हा दर्शनी दाराला तीच चौकट, तोच उंबरा आणि ओसरीत तोच झोपाळा लागला. पुढच्या वर्षी सासूबाई त्याच उंबऱ्यावरचं माप ओलांडून आत आल्या. 1989 मध्ये मी आले.

साठ वर्षांत स्लॅब गळायला लागला होता. सळई गंजून फुगली की काँक्रीटचे पोपडे सुटतात, तसे सुटत होते. एक मोठा तुकडा सासूबाईंच्या पलंगाशेजारी पडला आणि पाडायचं ठरलं. यांच्या ग्रॅच्युइटीचे आणि प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे होते.

कॉन्ट्रॅक्टर ओळखीतूनच आला. आमच्या एका स्नेह्यांची कंपाउंडची भिंत आणि बाथरूम त्याने नीट करून दिली होती. तेवढ्यावरून आम्ही त्याच्यावर अख्खं घर सोपवलं. त्याने बांधलेलं, लोक राहायला गेलेलं एक तरी घर आत जाऊन बघायला हवं होतं, त्या घरच्या माणसांशी बोलायला हवं होतं. ते केलं नाही.

पहिल्या दिवशी तो चपला बाहेर काढून आत आला आणि उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला. सासूबाईंच्या पाया पडला. सगळे कॉन्ट्रॅक्टर टेप घेऊन खोल्या मोजत होते. हा झोपाळ्यावर बसून "आजी, हे लाकूड कुठलं हो?" असं विचारत होता. सासूबाईंनी त्याला पुराची सगळी गोष्ट सांगितली. आम्हीही कित्येक वर्षांनी ती पूर्ण ऐकली. शेवटी तो म्हणाला, "पुरातून वाचलेलं लाकूड आहे, ते मी कसं टाकेन? चौकट, उंबरा, झोपाळा, सगळं माझ्या गोडाऊनमध्ये ठेवतो आणि नव्या घराला लावून देतो."

त्याच संध्याकाळी आमचा निर्णय झाला. घर सोडताना माणूस हळवा झालेला असतो. त्याचं दुःख जो ऐकून घेतो तो आपलाच वाटतो, आणि आपल्या माणसाला कागद दाखव म्हणायची लाज वाटते.

दर होता चौरस फुटाला 1,850. बाकीच्यांचे 2,200 च्या पुढे होते. बांधकाम 2,400 चौरस फूट, म्हणजे 44 लाख 40 हजार. शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर त्यानेच टाइप करून आणलेला दोन पानांचा करार. त्यातल्या दोन ओळींवर सगळं फिरलं.

पहिली ओळ हप्त्यांची. सही करताना 30 टक्के, जोत्याचं काम सुरू करताना 15 टक्के, पहिल्या स्लॅबचं काम सुरू करताना 15 टक्के, असं पुढे. "सुरू करताना" हा शब्द आम्ही तिघांनी वाचला आणि कुणालाच खटकला नाही. काम सुरू करायला दोन माणसं आणि एक ट्रक वाळू पुरते. तिथे "पूर्ण झाल्यावर, इंजिनिअरने मोजमाप करून दिल्यावर" असं हवं होतं. सुरुवातीचा ॲडव्हान्सही 10 टक्क्यांच्या वर देऊ नये, असं आज मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगते.

दुसरी ओळ अशी: "राडारोडा व जुने सामान कॉन्ट्रॅक्टरने स्वखर्चाने उचलून न्यावे." आम्हाला वाटलं, बरं झालं, ती कटकट त्याच्याकडे गेली. लाकडाचा शब्द करारात कुठेच नव्हता. तो फक्त बोलण्यात होता.

होम लोन काढू का, असं यांनी विचारलं होतं. तो म्हणाला, "दादा, पैसे हातात आहेत, बँकेचं व्याज कशाला?" बिनव्याजी काम झालं म्हणून आम्ही खूश होतो. पण बँक टप्प्याटप्प्याने पैसे सोडते आणि प्रत्येक टप्प्याला तिचा माणूस साइटवर येऊन काम बघून जातो. त्याला नेमकं तेच नको होतं. पाच-दहा लाखांचं का होईना, कर्ज घेतलं असतं तर तिसऱ्या महिन्यातच उघडकीला आलं असतं.

22 एप्रिल 2023, अक्षय्य तृतीयेला आम्ही धनकवडीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये गेलो. दहा महिन्यांत घर देतो म्हणाला होता, म्हणून अकरा महिन्यांचा करार केला. सासूबाईंनी निघायच्या आधी रिकामं घर झाडलं. पाडायच्या घराला कशाला झाडता, असं कुणी म्हणालं नाही. उंबऱ्याला हळदकुंकू वाहिलं, तुळस मांडीवर घेऊन रिक्षात बसल्या आणि मागे वळून पाहिलं नाही.

महापालिकेची बांधकाम परवानगी तोवर हातात नव्हती. "फाइल आत आहे, आलीच समजा, पावसाच्या आधी पाडून पाया भरून घेऊ," असं तो म्हणाला. परवानगीच्या खर्चाचे म्हणून त्याने वेगळे साडेतीन लाख घेतले. पुढे आर्किटेक्टकडून चलनं मागवली तेव्हा ती 1 लाख 62 हजारांची निघाली. ही चलनं मालकाच्या नावाने निघतात. प्रत्येकाची पावती मागा, नाहीतर आर्किटेक्टला थेट विचारा. आणि बांधकाम सुरू करण्याचा दाखला स्वतःच्या डोळ्यांनी बघेपर्यंत घराच्या एका कौलालाही हात लावू देऊ नका. आमचा दाखला जुलैमध्ये आला. तोवर पायाच्या खड्ड्यात गुडघाभर पाणी होतं आणि आमच्याकडे परत जायला घर नव्हतं. घर पाडून झालं की मालकाचा धाक संपतो. नंतर तो सांगेल ती तारीख आणि मागेल तो हप्ता, हे आम्ही रोज अनुभवलं.

जोत्याच्या हप्त्यातले 1 लाख 90 हजार त्याने रोख मागितले. पावती दिली नाही. मी मात्र वहीत तारीख लिहिली आणि व्हॉट्सॲपवर "मिळाले का?" असं विचारलं. "मिळाले वहिनी" असं त्याचं उत्तर आलं. पुढे वकिलांनी त्या दोन शब्दांवर बोट ठेवलं.

ऑगस्टमध्ये तीन टन सळई साइटवर उतरली. आम्ही जाऊन फोटो काढले, सासूबाईंना दाखवले, आणि स्लॅबचं काम सुरू म्हणून 6 लाख 66 हजार ट्रान्सफर केले. खरं तर महापालिकेची जोते तपासणी व्हायची होती, त्याआधी वर चढायचंच नसतं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या बंगल्याच्या वॉचमनने फोन केला, "काकू, रात्री तुमची सळई टेम्पोत भरून नेली." विचारलं तर, "दुसऱ्या साइटवर अर्जंट होती, सोमवारी परत येते." तो सोमवार आलाच नाही. गणपतीत काम थांबलं.

धनकवडीच्या आमच्या दारात एके दिवशी त्याचा मुकादम आला. त्याच्या माणसांची दोन महिन्यांची मजुरी राहिली होती आणि गावाला जायलाही पैसे नव्हते. त्याच्याकडून कळलं की कर्वेनगरच्या एका कुटुंबाचा स्लॅब आमच्या पैशांतून पडला, आमच्या जोत्याचं सिमेंट आणखी तिसऱ्याच्या ॲडव्हान्समधून आलं होतं. सगळ्यांत शेवटी ज्याने पैसे दिले त्याच्या साइटवर काहीच नव्हतं. साइटवर माल दिसला म्हणून तो आपला असं धरू नका. माल देणाऱ्या दुकानाचं बिल तुमच्या नावाचं आणि तुमच्या पत्त्याचं आहे का, तेवढंच बघा.

लाकडाचंही मुकादमानेच सांगितलं. ते गोडाऊनला कधी गेलंच नव्हतं. पाडायला सुरुवात झाल्यापासून तिसऱ्या दिवशी जुनं लाकूड घेणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे गेलं. त्यानंतरही कॉन्ट्रॅक्टर सासूबाईंना फोनवर सांगत होता, "आजी, काळजी करू नका, उंबऱ्याला तेल लावून ठेवलंय."

पैशांबद्दल माझा राग हळूहळू निवला आहे. या वाक्याबद्दल नाही.

आम्ही त्या व्यापाऱ्याकडे गेलो. माणूस सज्जन होता. त्याने वही उघडून तारीख दाखवली. चौकट, दार आणि उंबरा एका हॉटेलच्या सजावटीसाठी गेले होते, पाटही त्यांच्याबरोबरच. एका जोडीतली कडी तुटकी म्हणून झोपाळ्याच्या पितळी कड्या तेवढ्या पडून होत्या. वजनाच्या भावाने आम्ही त्या परत घेतल्या.

मग कायद्याच्या वाटा शोधल्या. इथे दोन-तीन गोष्टी नीट सांगते, कारण आम्हाला त्या उशिरा कळल्या. आम्हाला वाटत होतं महारेरा, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, आहेच. पण ते संरक्षण विकण्यासाठी बांधलेल्या प्रकल्पातल्या ग्राहकांना आहे. तिथे बिल्डरला ग्राहकांच्या पैशांतले 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. आपल्याच जागेत आपल्यासाठी घर बांधून घेणाऱ्याला त्याचा आधार नाही, त्याचा आधार म्हणजे त्याचा करार. पोलिसांत गेलो तर त्यांनी "जुने सामान" ही ओळ दाखवली आणि हे दिवाणी स्वरूपाचं आहे म्हणाले. ग्राहक आयोगाचा रस्ता मात्र उघडा होता. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये सेवेच्या व्याख्येत घरबांधणी येते, दिलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे जाता येतं, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. आमची तक्रार तिथे आहे.

त्याआधी आम्ही एका स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून झालेल्या कामाचं मोजमाप करून घेतलं. दिलेले 30 लाख 14 हजार, झालेलं काम 10 लाख 80 हजारांचं, चलनं 1 लाख 62 हजारांची. हा कागद मिळेपर्यंत आमच्याकडे फक्त तक्रार होती, आकडा नव्हता. अशी वेळ आलीच तर दुसरा कॉन्ट्रॅक्टर लावायच्या आधी हे मोजमाप करून घ्या. नवं काम चढलं की जुनं किती होतं ते सिद्ध करणं कठीण जातं.

दसऱ्याला त्याने 8 लाखांचा चेक दिला होता. तो वटला नाही. "दिवाळीनंतर परत भरा," म्हणाला, तोही परत आला. चेकची मुदत तीन महिने असते, तेवढ्यात तो पुन्हा भरता येतो. पण न वटल्याचं बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला त्याला 15 दिवस, आणि ते उलटले की एका महिन्यात कोर्टात तक्रार. आमची नोटीस सव्विसाव्या दिवशी गेली. तोवर तो रोज गोड बोलत होता आणि आम्ही रोज उद्यावर ढकलत होतो. आता शिवाजीनगर कोर्टात तारखा चालू आहेत.

धनकवडीचा करार आम्ही दोनदा वाढवला. गेल्या वर्षी कर्ज काढलं आणि दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरला काम दिलं. बँकेचा माणूस येतो, आमचा इंजिनिअर येतो, मोजमाप होतं, मग पैसे जातात. यावेळच्या करारात घरातून निघणाऱ्या आणि घराला लागणाऱ्या वस्तूंची वेगळी यादी आहे. यादीत आता एकच वस्तू आहे, पण ती लिहिली आहे.

पहिला स्लॅब पडायच्या आदल्या दिवशी सासूबाईंना साइटवर नेलं. झोपाळ्याचे हूक काँक्रीट पडायच्या आधीच सळईला बांधावे लागतात, नंतर भोकं पाडून लावलेल्यांचा भरवसा नसतो. त्यांनी खुर्चीत बसून ओसरीची जागा हाताने दाखवली, सेंट्रिंगवाल्या मुलाने चारही हूक बांधले. "पाट कुठाय आजी?" असं त्याने विचारलं. त्यांनी पिशवीतून पितळी कड्या काढून त्याला दाखवल्या आणि म्हणाल्या, "पाट नवीन करू. यातली एक तेवढी जोडून मिळेल का, बघ."