१९७१ ची शेवरले सी-१० आणि ५.३ व्हॉर्टेक इंजिन: एक हिवाळा, एक उन्हाळा वापरल्यानंतर

अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये जुनी पिकअप रोज चालवायची असेल तर इंजेक्शनचं (कार्बोरेटरऐवजी कॉम्प्युटरने मोजून पेट्रोल फवारणारं) इंजिन बसवून घ्या, असं मी आता ठामपणे सांगतो. ताकद वाढते म्हणून नाही, इथल्या उंचीमुळे.

हे शहर ५,२८० फुटांवर आहे. हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १७ टक्क्यांनी कमी. माझ्या गाडीत आधी ३५० क्युबिक इंचाचं व्ही-एट आणि त्यावर रोचेस्टरचा क्वाड्राजेट कार्बोरेटर होता. हवा विरळ झाली की त्या प्रमाणात पेट्रोल कमी करणं कार्बोरेटरला जमत नाही. शहराच्या उंचीला जेट (पेट्रोल सोडणारी छिद्रं) बदलून तो नीट लावून घेतला, तरी आय-७० महामार्गावरून आयझेनहॉवर बोगद्याचा चढ लागला की गाडी गुदमरायची. बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे. तिथे पोहोचेपर्यंत मागे काळा धूर आणि पेट्रोलचा वास. थंडीत सकाळी चोक लावून दहा मिनिटं गरम केल्याशिवाय हलायची नाही.

आता २००२ च्या शेवरले सिल्व्हेरॅडो पिकअपमधलं ५.३ लिटरचं व्हॉर्टेक, म्हणजे एलएम-७ इंजिन आहे, २८५ हॉर्सपॉवरचं. आकाराने जुन्या इंजिनापेक्षा लहानच. पण दाबाचा सेन्सर आणि हवा मोजणारा सेन्सर बघून कॉम्प्युटर पेट्रोल ठरवतो. बर्फ पडून गेल्यावरच्या सकाळीही एका सेल्फला चालू होते आणि लगेच निघता येतं. विरळ हवेत दम कमी होतो तो होतोच, इंजेक्शन काही हवा निर्माण करत नाही. पण बोगद्यापर्यंत इंजिन सुतासारखं सरळ चालतं, मिस मारत नाही.

दुसरा मोठा फायदा गिअरबॉक्सचा, आणि याबद्दल लोक फार कमी बोलतात. इंजिनाबरोबर त्याचाच ४एल६०ई हा चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घेतला. जुना तीन गिअरचा होता, वरचा गिअर थेट (एकास एक). ३.७३ गुणोत्तराच्या डिफरन्शियलवर ताशी ७० मैलांना इंजिन ३,१०० आरपीएमच्या आसपास फिरायचं, आता ०.७० गुणोत्तराच्या चौथ्या गिअरमध्ये २,२०० ला शांत असतं. शेजारी बसलेल्याशी साध्या आवाजात बोलता येतं. ॲव्हरेज गॅलनला दहा-अकरा मैलांवरून हायवेला पंधरा-सोळापर्यंत गेलं, त्यातला बराच वाटा मी या चौथ्या गिअरला देतो.

खरं काम इंजिन बसवण्यात नाही. ॲडॉप्टर प्लेट लावल्या की ते जुन्या माउंटवर बसतं. वेळ आणि पैसा खातात दोन गोष्टी: पेट्रोलची लाइन आणि वायरिंग.

त्या काळच्या सी-१० मध्ये टाकी केबिनमध्येच, सीटच्या पाठीमागे असते. कार्बोरेटरला पेट्रोलचा पाच-सात पीएसआय दाब पुरतो, या इंजिनाला ५८ लागतो. जुन्या टाकीत आतून आडोसे नसल्यामुळे पेट्रोल कमी असताना वळणावर ते एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो. म्हणून टाकी मागे हौद्याखाली चेसिसच्या मधे नेली, आत पंप असलेली घेतली, परतीची वेगळी लाइन टाकली. केबिनमधला पेट्रोलचा वास कायमचा गेला. माझ्या मुलीला आता त्या गाडीत बसायला आवडतं, हे मला सगळ्यात जास्त मोलाचं वाटतं.

वायरिंगने मात्र छळलं. सिल्व्हेरॅडोचा हार्नेस (इंजिनाच्या सगळ्या वायरींचा जुडगा) एका दुकानाकडून कापून-जोडून घेतला होता. उन्हाळ्यात सिग्नलला उभं असताना रेडिएटरचा पंखा लागला की आयडलिंग खालीवर व्हायचं, कधी बंदच. कॉम्प्युटरमध्ये बिघाडाचा कोड काहीच येत नव्हता. शेवटी मल्टिमीटरचं एक टोक सिलिंडर हेडवर, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला धरलं. पंखा बंद असताना जवळपास शून्य, लागला की ०.६ व्होल्ट. पंख्याची आणि कॉम्प्युटरची अर्थिंग एकाच बोल्टवर, तीही रंगावर आवळलेली. रंग खरवडून, हेडपासून फायरवॉल आणि चेसिसपर्यंत जाड अर्थिंग टाकली, पंख्याची वेगळी केली. त्यानंतर एकदाही तक्रार नाही. हार्नेस कुणाकडूनही घ्या, अर्थिंग मात्र मीटर लावून स्वतः तपासा.

छोट्या गोष्टी: हेडमधून निघणारी वाफेची नळी रेडिएटरला जोडायलाच हवी, नाहीतर आत हवा अडकते. नव्या गिअरबॉक्सला स्पीडोमीटरची केबल नाही. मूळ काटा ठेवायचा होता म्हणून सेन्सरच्या सिग्नलवर केबल फिरवणारा डबा बसवला. चालतो छान. एसीचा कॉम्प्रेसर मूळ जागी चेसिसला आपटतो, त्याला वरचा ब्रॅकेट लागतो. तो अजून बसवलेला नाही.

गमावलं काय, तर रस्त्याकडेला स्क्रू-ड्रायव्हरने दुरुस्त होणारी गाडी. क्रँक सेन्सर (क्रँकशाफ्टची जागा कॉम्प्युटरला सांगणारा) गेला तर गाडी उभी, आणि तो सेल्फच्या मागे, म्हणजे आधी सेल्फ उतरवा. मी पंपाचा रिले आणि एक सेन्सर डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवतो. ज्यांची गाडी महिन्यातून एकदा बाहेर निघते आणि जे समुद्रसपाटीला राहतात, त्यांनी कार्बोरेटर नीट उघडून साफ करून घ्यावा, एवढा खर्च करू नये.

करणारच असाल तर सुटं इंजिन घेऊ नका. गिअरबॉक्स, कॉम्प्युटर, अख्खा हार्नेस आणि सगळे सेन्सर एकाच गाडीतले घ्या, आणि शक्य असेल तर उतरवण्याआधी ते चालू करून ऐका.