येव्लेची गाडी की ग्रेनबीची सायकल: हॉकीच्या एका हंगामाची निवड

उप्सालात राहणाऱ्या आणि बर्फावरच्या हॉकीची गोडी लागलेल्या माणसाला ऑगस्ट संपत आला की एक गोष्ट ठरवावी लागते. हंगामाचं कार्ड, ज्याला इथे ओर्शकोर्ट म्हणतात, ते कुठलं घ्यायचं? उत्तरेला रेल्वेगाडीने तासाभरावर येव्ले शहर आहे. तिथला ब्रिनेस संघ एसएचएलमध्ये, म्हणजे स्वीडनच्या सगळ्यांत वरच्या लीगमध्ये खेळतो. आणि माझ्या घरापासून सायकलने पंधरा मिनिटांवर ग्रेनबीचा हॉल आहे. तिथला आल्मटूना एक पायरी खाली, हॉकी-आल्स्वेन्स्कानमध्ये. मी दोन्ही कार्डं घेऊन पाहिली आहेत. 2023-24 ला आल्मटूनाचं घेतलं, 2024-25 ला ब्रिनेसचं.

नियम आणि गुणांची पद्धत तुम्हाला माहीत असणार, त्यात शिरत नाही. कागदावर दोन्ही हंगाम जुळ्या भावंडांसारखेच आहेत. इकडेही 14 संघ, तिकडेही 14. प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी चार वेळा गाठ, म्हणजे 52 सामने, त्यांतले 26 घरच्या रिंकवर. दोन्हींचा नारळ सप्टेंबरच्या मध्यावर फुटतो आणि दोन्हीकडे खरी लढाई मार्चनंतर, बाद फेरीत. त्यामुळे किती सामने बघायला मिळतील या हिशेबाने कार्ड निवडायला गेलात तर काहीच हाती लागणार नाही.

मी मुळात ब्रिनेसकडे का वळलो, ते आधी सांगायला हवं. हा संघ 1960 पासून सलग वरच्या लीगमध्ये होता. 13 वेळा स्वीडनचा विजेता, शेवटचं सुवर्ण 2012 चं. बोर्ये साल्मिंग इथूनच 1973 ला एनएचएलमध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडाच्या लीगमध्ये, टोरांटोला गेला आणि युरोपातला बचावपटूही तिकडे टिकतो हे त्याने दाखवून दिलं. नोव्हेंबर 2022 मध्ये साल्मिंग वारला आणि त्याच हंगामाच्या शेवटी, 2023 च्या वसंतात, तळाच्या दोन संघांच्या लढतीत माल्मोकडून हरून ब्रिनेस खाली घसरला. त्रेसष्ट वर्षांत पहिल्यांदा. माझ्या ऑफिसातला एक येव्लेकर दुसऱ्या दिवशी जेवायच्या टेबलावर बसला तो जेवण होईपर्यंत एक शब्द बोलला नाही. घरात कुणी गेल्यावर माणूस बसतो तसा बसला होता.

म्हणून 2023-24 ला एक दुर्मीळ गोष्ट घडली. ब्रिनेस आणि आल्मटूना एकाच लीगमध्ये आले. ग्रेनबीचा हॉल लहान, तीनेक हजारांत भरतो. येव्लेकर आले की तो खरोखर भरायचा. पाहुण्यांच्या कोपऱ्यातून ढोल, झेंडे, आणि माझ्या शेजारी नेहमी बसणारे आजोबा तोंड वाकडं करून, पण कौतुकानेच, तिकडे बघत राहायचे. त्या वसंतात ब्रिनेसने अंतिम फेरीत यूरगोर्डेनला हरवलं आणि एका वर्षात वर परतले. वर जायला जागा एकच असते, हे लक्षात घ्या. यूरगोर्डेनसारखा, देशात सर्वाधिक म्हणजे 16 विजेतेपदं मिळवलेला संघ 2023 ला अंतिम फेरीत मूडूकडून हरला, 2024 ला ब्रिनेसकडून, आणि तिसऱ्या खेपेला, 2025 मध्ये, एआयकेला हरवून सुटला. खालच्या लीगमधल्या एप्रिलच्या सामन्यांना जी धार असते ती या एका दारामुळे.

तर मी त्या पाहुण्यांच्या प्रेमात पडलो आणि पुढच्या ऑगस्टमध्ये येव्लेचं कार्ड घेतलं.

खेळाचा दर्जा विचाराल तर प्रामाणिकपणे सांगतो, फरक आहे आणि तो पहिल्या पाच मिनिटांत कळतो. माझ्याकडे मोजमाप काही नाही, डोळ्यांना दिसलं तेवढंच. येव्लेत पास थेट स्टिकवर येतो आणि चिकटल्यासारखा राहतो. ग्रेनबीत तोच पास बऱ्याचदा स्टिकवरून उडतो, मग दोघं-तिघं त्याच्या मागे काचेपर्यंत झेपावतात. येव्लेत मी डब्यातलं सँडविच काढायला खाली वाकलो आणि वर बघेपर्यंत पक, म्हणजे ती रबरी चकती, या टोकाच्या गोलमागून त्या टोकाच्या गोलसमोर पोचलेला असायचा. याकोब सिल्फवेरबेरी त्या हंगामात ब्रिनेसला परत आला होता. 2012 च्या सुवर्णाच्या वेळचा कर्णधार, मधली बारा वर्षं अमेरिका-कॅनडात खेळलेला. तो पक मिळायच्या आधीच जिथे उभा राहायचा, ती जागा बघणं हाच एक आनंद होता. त्याला धावपळ करताना मी क्वचित पाहिलं. सगळे त्याच्यापाशी येऊन पोचायचे.

गर्दीचंही तेच. येव्लेच्या हॉलमध्ये साताठ हजार माणसं एका सुरात गायला लागली की बाकड्याखालचं लाकूड थरथरतं. हे सुख ग्रेनबीत नाही. तिथला ढोलवाल्यांचा गट लहान आहे, सामना रटाळ झाला तर तोही गप्प होतो, आणि बुधवारी रात्री काल्मार किंवा विमरबीविरुद्ध निम्म्या रिकाम्या हॉलमध्ये बसायला मनाची तयारी लागते.

मग अडलं कुठे? गाडीत.

हे फार क्षुल्लक वाटेल, पण माझ्यासाठी सगळं त्यावरच ठरलं. आठवड्यातले सामने संध्याकाळी सातला सुरू होतात. साठ मिनिटांचा खेळ, मधल्या दोन विश्रांती, थांबे धरून साडेनऊच्या जरा आधी संपतो. हॉलपासून स्टेशन गाठायचं, उप्सालाची गाडी पकडायची. सामना वेळेत संपला तर गाडी मिळते. बरोबरी झाली तर जादा वेळ, मग पेनल्ट्या, आणि तेवढ्यात ती गाडी गेलेली असते. पुढची गाडी घरी पोचवते तेव्हा मध्यरात्र झालेली असते, सकाळी सातला मुलीला शाळेसाठी उठवायचं असतं.

जानेवारीतला एक गुरुवार आठवतो. मुलगी सोबत होती, नऊ वर्षांची. सामना बरोबरीत, तिसऱ्या सत्राची शेवटची दोन मिनिटं उरलेली. मी घड्याळ बघत होतो, बर्फाकडे नव्हे. शिट्टी वाजली, बरोबरी कायम. जादा वेळ होणार हे कळताच मी तिचा कोट उचलला. ती म्हणाली, "बाबा, आत्ता?" एवढंच. रडली नाही, हट्ट केला नाही. आम्ही पायऱ्यांवरून खाली उतरत असताना मागे जादा वेळाची टेकनिंग झाली, म्हणजे पक टाकून खेळ सुरू झाला, आणि बाहेरच्या दाराशी पोचलो तेव्हा आतून गर्जना आली. आमच्याच बाजूचा गोल असणार, इतका मोठा आवाज पाहुण्यांचा नसतो. फलाटावर उणे बारा. मी फोनवर गोल लावला आणि हातमोजा काढून तिच्यासमोर धरला. तळहाताएवढ्या पडद्यावर तो गोल तिने पाहिला, दोनदा पाहिला आणि फोन परत दिला. शंभर मीटरवर घडलेली गोष्ट, जिचे पैसे आम्ही भरले होते, ती आम्ही फोनवर बघत होतो.

त्या हंगामात हे चार वेळा झालं. त्यांतल्या दोनदा एकटा होतो, तरी निघालो, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मीटिंग. नियमित हंगामात निदान जादा वेळ पाच मिनिटांचा, तीन विरुद्ध तीन. बाद फेरीत तेही नाही. तिथे वीस-वीस मिनिटांची पूर्ण सत्रं, गोल होईपर्यंत, मग रात्रीचे अकरा वाजोत की बारा. हॉकीतला सगळ्यांत सुंदर भाग हाच, एका गोलावर संपूर्ण वर्षाचा तोल. आणि तोच भाग बघण्याची खात्री मला देता येत नव्हती. ब्रिनेस त्या वसंतात थेट अंतिम फेरीत पोचला, खाली घसरल्यावर बरोबर दोन वर्षांनी. मी ते सामने उप्सालातल्या घरी सोफ्यावर बसून पाहिले. लूलेओने 1996 नंतर पहिल्यांदा विजेतेपद घेतलं, ते खेळलेही तसेच. वाईट त्याचं नाही वाटलं. ब्रिनेसच्या सगळ्यांत मोठ्या रात्री मी तिथे नव्हतो, याचं वाटलं.

ग्रेनबीत मी आजवर एकही सामना अर्धवट सोडलेला नाही. जादा वेळ झाला तर झाला. मुलगी उभी राहते, काचेजवळ जाते. ती काच पकच्या रबराच्या काळ्या ओरखड्यांनी भरलेली आहे, आणि इतक्या जवळून स्केटची पाती वळताना बर्फ खरवडल्याचा आवाज येतो, गोलकीपर दोन्ही खांबांना स्टिक लावून जागा तपासतो त्याची टकटक येते. येव्लेत आमच्या जागेवरून हे ऐकू येत नव्हतं. सामना संपल्यावर खेळाडू आत जातात त्या वाटेवर लहान मुलं हात पुढे करून उभी राहतात, आणि हरलेला संघसुद्धा प्रत्येक हातावर हात मारून जातो. मग सायकलवर दहा-पंधरा मिनिटं, मागच्या सीटवरून मुलीची अखंड बडबड, आणि साडेदहाच्या आत घर.

मागच्या हिवाळ्यात पुण्याहून आत्या आली होती. तिला येव्लेला न्यायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही, ग्रेनबीला नेलं. स्वेटर, त्यावर कोट, त्यावर शाल. पहिल्याच धडकेला ती ओरडली, "अरे, पाडलं की त्याला!" आणि शेजारच्या आजोबांना मराठी कळत नसूनही त्यांनी जोरात मान हलवली. मध्यंतरात त्यांनी तिला त्यांच्या थर्मासमधली कॉफी दिली. दुसऱ्या सत्रापासून ती आल्मटूनाची.

खालच्या लीगची एक खंत मात्र मनापासून सांगायला हवी. इथे कुणी चांगलं खेळलं की तो टिकत नाही. वरचा क्लब बोलावतो, पोरगा जातो, आणि त्याने जावंच. मुलीच्या लाडक्या खेळाडूला आम्ही असंच गमावलं, एका उन्हाळ्यात. जर्सीवरचं नाव राहिलं, माणूस गेला. आल्मटूनासारख्या क्लबचं वर जाण्याचं स्वप्न दूरचं आहे, आणि तळाला गेलं तर हॉकीएत्तानची, म्हणजे आणखी खालच्या लीगची भीती. दरवर्षी नव्या नावांशी ओळख करून घ्यायची तयारी हवी. याच गोष्टीची दुसरी बाजूही आहे. 2024-25 ला यूरगोर्डेनच्या संघात अन्टोन फ्रोन्डेल आणि विक्टर एक्लुंड होते, सतरा-अठरा वर्षांचे. जून 2025 मध्ये एनएचएलच्या तरुण खेळाडूंच्या निवडीत फ्रोन्डेलला शिकागोने एकूण तिसऱ्या क्रमांकावर निवडलं, एक्लुंडला न्यूयॉर्क आयलँडर्सनी सोळाव्या. अशी पोरं उद्या टीव्हीवरच दिसणार असतात. आज ती या लहान हॉलांमधून खेळून जातात.

तुम्ही येव्लेत राहत असाल तर विचार करू नका, ब्रिनेसचं कार्ड घ्या. 2025 मध्ये तर निक्लास बेकस्ट्रॉमही तिथे परतला, शेजारच्या वाल्बूचा, 2018 ला वॉशिंग्टनबरोबर एनएचएलचा स्टॅनले कप जिंकलेला. तुमच्याकडे मोटार असेल आणि रात्री बर्फावरून शंभर किलोमीटर चालवायची सवय असेल, तरी येव्लेचा विचार जरूर करा. घरात शाळेत जाणारं कुणी नसेल तर माझी अडचण तुमची नसेल. आणि तुम्हाला फक्त उत्तम हॉकीच बघायची असेल, तर ती एसएचएलमध्येच आहे, हे मी कुणापाशीही मान्य करीन.

मी यंदा ग्रेनबीचं कार्ड घेतलं आहे. येव्लेसाठी शनिवारची सुटी तिकिटं काढायची ठरवलं आहे, कारण शनिवारी बरेच सामने दुपारी असतात आणि मागे गाड्या भरपूर असतात. कार्ड काढायच्या दिवशी मुलीला विचारलं होतं, कुठलं घेऊ? तिने विचार केला नाही. म्हणाली, "जिथे शेवटपर्यंत थांबता येतं ते."