एडीसीच्या इनपुटवर जास्त व्होल्टेज येणार असेल तर काय लावायचं: रेझिस्टर, शॉटकी, झेनर, बफर की सगळं आत असलेली चिप?

एडीसी (व्होल्टेज मोजून त्याचा डिजिटल आकडा करणारा भाग) ३.३ व्होल्टवर चालतोय आणि बाहेरून येणारी वायर कधीतरी चुकून २४ व्होल्टला लागणार हे माहितीये, म्हणजे प्रोटेक्शन लावायचं हे ठरलंच, प्रश्न फक्त कुठलं. बरेच जण थेट पार्ट शोधायला लागतात. मी म्हणतो आधी कागदावर करंटचा रस्ता काढा: तो कुठून आत येतो, कशात शिरतो आणि शेवटी ग्राउंडला कसा पोचतो. एवढं काढलं की निम्मे पर्याय आपोआप गळतात.

सगळ्यात साधं म्हणजे नुसता सिरीज रेझिस्टर, आणि बाकी काम चिपच्या आतल्या ईएसडी डायोडवर (पिनपासून सप्लाय आणि ग्राउंडला असलेले संरक्षक डायोड) सोडून द्यायचं. १० किलोओहम लावला तर २४ व्होल्टला पिनवर साधारण ३.९ व्होल्ट राहतात आणि २ मिलिअँपिअर आत जातात. एसटीएम३२ या मायक्रोकंट्रोलरच्या बऱ्याच डेटाशीटमध्ये एका पिनची इंजेक्शन लिमिट, म्हणजे पिनमध्ये बाहेरून शिरलेला किती करंट चालतो ती मर्यादा, ५ मिलिअँपिअर आहे, तेव्हा जमून जातं. १ किलोओहम ठेवलात तर तेच २० मिलिअँपिअर होतात, रेझिस्टरमध्ये ०.४ वॉट उष्णता, म्हणजे छोटा एसएमडी रेझिस्टर जळणार आणि पिनही धोक्यात. टेंपरेचर, बॅटरी व्होल्टेज, पॉट (फिरवून बदलायचा रेझिस्टर) असल्या संथ सिग्नलला १० किलोओहम आणि पिनजवळ १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर एवढं पुरतं, कटऑफ १.६ किलोहर्ट्झच्या आसपास येतो. पण दोन गोष्टी बघाच. पहिली, एसटीएम३२ चे पाच व्होल्ट टॉलरंट म्हणवणारे पिन अ‍ॅनालॉग मोडमध्ये तसे राहत नाहीत. दुसरी, निगेटिव्ह व्होल्टेज येणार असेल तर नुसत्या रेझिस्टरवर विसंबू नका, कारण एका पिनमध्ये निगेटिव्ह करंट गेला की शेजारच्या चॅनलचं रीडिंग बिघडतं, चिप मात्र धडधाकट दिसते आणि आपण चुकीच्या चॅनलवर दोष शोधत बसतो. तिथे पिनपासून ग्राउंडला एक शॉटकी (कमी व्होल्टेजलाच चालू होणारा डायोड) लावा, डेटाशीटही हेच सुचवते.

दोन शॉटकी, एक सप्लायला आणि एक ग्राउंडला, हा सगळ्यांच्या ओळखीचा उपाय. बीएटी५४ हा शॉटकी एक मिलिअँपिअरला ०.३ व्होल्टच्या आसपास चालू होतो, म्हणजे आतल्या डायोडच्या आधी करंट तोच घेतो. पण किंमत गळतीत (डायोड बंद असतानाही त्यातून जाणारा करंट) मोजावी लागते, १ मायक्रोअँपिअर गळती १० किलोओहममधून गेली की १० मिलिव्होल्टची चूक, १२ बिटला तब्बल १२ काऊंट (एडीसीच्या आकड्यातल्या पायऱ्या), आणि गळती दर १० अंशाला साधारण दुप्पट होते म्हणून टेबलावर बरोबर दिसणारं रीडिंग गरम डब्यात सरकतं. अचूक मोजायचं असेल तर बीएव्ही१९९ बघा, त्याची गळती नॅनोअँपिअरच्या घरात किंवा त्याहून कमी असते. तो साधा सिलिकॉन डायोड आहे, त्यामुळे आतल्या डायोडच्या आधी चालू होत नाही, म्हणून क्लॅम्प (व्होल्टेज अडवणारी ही डायोडची जोडी) आणि पिनच्या मधे आणखी १ किलोओहम टाका, मग आत जाणारा करंट मिलिअँपिअरच्या काही दशांशावर येतो. बहुतेक कामांना मला हीच रचना आवडते.

आता सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट. सप्लायला क्लॅम्प केलं म्हणजे करंट सप्लायमध्ये गेला, आणि साधा एलडीओ (३.३ व्होल्ट पुरवणारा रेग्युलेटर) करंट देतो, परत घेत नाही. मी आठ चॅनलचा एक बोर्ड केला होता, प्रत्येकी २ मिलिअँपिअर धरले तर १६ मिलिअँपिअर, कंट्रोलर जागा असताना एवढं सहज खायचा म्हणून काहीच दिसलं नाही, स्लीपमध्ये गेला आणि ३.३ ची लाईन वर चढायला लागली. पिन वाचवता वाचवता अख्खी चिप धोक्यात. शेवटी लाईनवर टीएल४३१ चा शंट (जास्तीचा करंट ग्राउंडला वळवणारा) ३.५ व्होल्टला लावला तेव्हा थांबलं. बॅटरीवरच्या यंत्राला शंटचा सततचा करंट परवडत नसेल तर सिरीज रेझिस्टर १०० किलोओहम करा आणि कपॅसिटर वाढवा, पण मग पिनची स्वतःची गळती किती हे आधी बघा. तसंच बोर्ड बंद आणि सेन्सर चालू असेल तर याच डायोडमधून बोर्ड अर्धवट चालू होतो, तेही तपासा.

मग थेट ३.३ व्होल्टचा झेनर (ठरावीक व्होल्टेजच्या वर करंट ग्राउंडला सोडणारा डायोड) का नको? लाईनवर करंट जात नाही हे त्याचं खरं बलस्थान. पण कमी व्होल्टेजचे झेनर फार मऊ असतात, एक-दोन व्होल्टपासूनच थोडे थोडे चालू होतात, त्यामुळे रीडिंग वाकतं आणि ते वाकणं सरळही नसतं. चालू-बंद एवढंच ओळखायचं असेल तर लावा, मोजमापाला नको. टीव्हीएस डायोडची गोष्ट वेगळी, तो सर्जसाठी (क्षणभर येणाऱ्या मोठ्या झटक्यासाठी) आहे. ५ व्होल्टचा म्हणून घेतलेला एसएमएजे सिरीजचा टीव्हीएस ६.४ व्होल्टच्या खाली ब्रेकडाऊनला जात नाही आणि पूर्ण सर्जला ९ व्होल्टच्या वर क्लॅम्प करतो, म्हणून तो कनेक्टरजवळ पहिल्या फळीत ठेवा, मागे रेझिस्टर आणि क्लॅम्प हवाच.

सिग्नल वेगवान असेल तर एडीसीच्याच सप्लायवरचा रेल टू रेल (सप्लायच्या दोन्ही टोकांजवळ जाऊ शकणारा) ऑपअँप बफर म्हणून लावा. त्याचं आऊटपुट सप्लायच्या वर जाऊच शकत नाही, आणि सीमॉस (इनपुटला जवळजवळ करंट न घेणारा) असेल तर त्याच्या इनपुटला १०० किलोओहमही चालतो, म्हणजे २४ व्होल्टला जेमतेम ०.२ मिलिअँपिअर. टोकाचे काही मिलिव्होल्ट मात्र हातचे जातात, आणि सॅच्युरेशनमधून बाहेर यायला लागणारा वेळ आणि फेज रिव्हर्सल (इनपुट मर्यादेबाहेर गेल्यावर आऊटपुट उलटं फिरणं) डेटाशीटमध्ये बघून घ्या. उलट ±१५ व्होल्टवरचा ऑपअँप सरळ एडीसीला जोडणं म्हणजे ओव्हरलोड आपणच घरात आणणं.

±१० व्होल्टचे औद्योगिक सिग्नल असतील तर हा सगळा खटाटोप सोडा आणि एडी७६०६ किंवा एडीएस८६८८ या क्लॅम्प आतच असलेल्या एडीसी चिप घ्या. पहिल्याचा क्लॅम्प ±१६.५ व्होल्टपर्यंत, दुसऱ्याचा ±२० पर्यंत, इनपुट १ मेगाओहम, आणि अ‍ॅनालॉग सप्लाय फक्त ५ व्होल्ट. महाग आहेत पण जागा आणि डोकं दोन्ही वाचतं. तरी २४ व्होल्ट लागणार असतील तर इथेही रेझिस्टर लागतोच, आणि १० किलोओहमने गेन साधारण १ टक्का घटतो, तो कॅलिब्रेशनमध्ये धरा.

चिप वाचली तरी रीडिंगचं काय हा प्रश्न उरतो. ४०९५ (१२ बिटचा सर्वात मोठा आकडा) आलं की सिग्नल ३.३ होता की ३३ ते कळत नाही, म्हणून स्केल अशी ठेवा की नेहमीचा सर्वात मोठा सिग्नल ९० टक्क्यांवर संपेल, आणि टोकाचे काऊंट आले की तो सॅम्पल खराब म्हणून खूण करा. सिग्मा डेल्टा एडीसीत (अनेक झटपट नमुने फिल्टर करून एक रीडिंग देणारा प्रकार) आणखी काळजी हवी, ओव्हरलोड गेल्यावरही त्याच्या डिजिटल फिल्टरमध्ये जुना कचरा असतो. सिंक३ (तीन टप्प्यांचा) फिल्टर असेल तर निदान पुढची तीन रीडिंग टाकून द्या, तीही साधी दिसत असली तरी.