हरणीचं पोस्टर आणि भोईवाड्यातलं छपाईचं दुकान

भोईवाडा नाक्याजवळचं हे दुकान बाहेरून झेरॉक्सचं वाटतं. सत्यनारायणाची आमंत्रणं, मंडळांची पावतीपुस्तकं, भावपूर्ण श्रद्धांजलीचे फलक, पोरांची हॉल तिकिटं. बारा वर्षं मी इथून चालत पाच मिनिटांवर राहते, पण आधारच्या झेरॉक्सपलीकडे कधी काही काम पडलं नव्हतं. जानेवारीत हरणी हरवली आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले. उभं राहायची ताकद नव्हती.

हरणी आमची कारवान कुत्री. मराठवाडा-सोलापूरकडची शिकारी जात. कर्नाटकात मुधोळकडे तिलाच मुधोळ म्हणतात. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात हा मुधोळ होता. माझ्या मुलाने ते तिकीट फ्रेम करून भिंतीला लावलंय. केनेल क्लबचे कागद, मायक्रोचिप, सगळं हरणीचं रीतसर आहे. डॉग शोच्या रिंगमध्ये मुलगा तिला पळवतो. खाणं, मालिश, नखं, रात्री पांघरूण ओढून घेणं हे माझ्याकडे.

रविवारी शोहून परत येताना हिंदमाताजवळ टॅक्सीतून उतरलो. समोरून लग्नाची वरात आली आणि फटाक्यांची माळ लागली. तिच्या गळ्यात शोची बारीक दोरी होती, रोजचा पट्टा पिशवीत. कारवानचं डोकं मानेपेक्षा अरुंद असतं, साधा पट्टासुद्धा मागे ओढला की निघून येतो. ती दोरी तर एका झटक्यात माझ्या हातात आली. शोच्या दोरीला नावाचा बिल्ला नसतो. पट्टा टॅक्सीत बसायच्या आधी बदलायला हवा होता. तो मी बदलला नाही.

सोमवारी दुसऱ्या एका दुकानातून दोनशे पोस्टरं काढली होती. चकचकीत कागद, ए-फोर, रंगीत. त्यात मी सगळं लिहिलं: जात, वय, शोमधली बक्षिसं, उंची ६६ सेंटिमीटर, तिला काय आवडतं, आणि तळाला लाल अक्षरांत पंचवीस हजारांचं बक्षीस. दोन दिवसांत चाळीसेक फोन आले. एकानेही तिला बघितलेलं नव्हतं. नालासोपाऱ्याहून एक माणूस म्हणाला, कुत्री माझ्याकडे आहे, आधी पाच हजार पाठवा. मी पाठवणार होते. मुलाने हातातून फोन काढून घेतला.

तर या दुकानाचे मालक, वय पंचेचाळीसच्या आसपास, सगळे त्यांना दादा म्हणतात. त्यांनी माझं जुनं पोस्टर काउंटरवर ठेवलं नाही. ते घेऊन रस्त्यापलीकडे गेले, तिथे उभं राहून माझ्याकडे तोंड करून धरलं आणि ओरडून विचारलं, "काकू, काय दिसतंय?"

मला एक तपकिरी डाग दिसत होता. बस.

परत येऊन म्हणाले, "बेस्टच्या खिडकीतून वाचता आलं तरच ते पोस्टर. आणि स्टेशनच्या पाट्या पिवळ्या का असतात, सांगा?" मग त्यांनी माळ्यावरून पिवळ्या कागदाचं बंडल काढलं. काळी शाई, ए-थ्री. लेसर प्रिंटच घ्या म्हणाले, इंकजेट दवानेसुद्धा फुटतं. आधी एक रंगीत नमुना काढून बघितला होता, पण त्यांच्या मशीनवर हरणीचा फिकट बदामी रंग विटकरीसारखा आला. रंगाच्या बाबतीत हे मशीन खरंच कमी पडतं, लग्नपत्रिका करणाऱ्यांनी लक्षात ठेवा. त्यांनी स्वतःच तो नमुना फाडून टाकला आणि त्याचे पैसे लावले नाहीत.

फोटोवर आमचं बराच वेळ चाललं. मी शोमधला समोरून काढलेला फोटो दिला होता, कारण त्यात तिचे डोळे दिसतात. दादा म्हणाले, रस्त्यावर कुत्रं समोर उभं राहून डोळे दाखवत नाही, बाजूने पळताना दिसतं. मोबाइलमध्ये शोधून शोधून एक बाजूचा फोटो निघाला, लांब पाय, आत गेलेलं पोट, खाली वळलेली शेपटी. तोच घेतला. मागचं सगळं पांढरं करून दिलं.

मग मजकूर. माझ्या सव्वाशे शब्दांतून त्यांनी एवढंच ठेवलं:

कुत्री हरवली / डॉग खो गया
घाबरलेली आहे. पाठलाग नको.
आजारी नाही, जात अशीच बारीक.
फोन करा, रात्री कधीही.

खाली नंबर, तळहाताएवढ्या आकड्यांत. बक्षीस काढायला लावलं. आकडा बघितला की पोरं टोळीने तिच्या मागे लागतील आणि ती रेल्वेलाइनवर जाईल, असं म्हणाले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, कारण सोमवारी संध्याकाळी शिवडीच्या बाजूला पोरांनी एका कुत्र्याला असंच हाकलल्याचं मी ऐकलं होतं. ती हरणी होती की नाही, मला आजही माहीत नाही. तिच्या डाव्या मागच्या पायाचं एक बोट पांढरं आहे, तेही त्यांनी काढायला लावलं. "हे कुणाला सांगू नका. फोन करणाऱ्याला तुम्ही विचारा." त्याच रात्री नालासोपाऱ्याच्या माणसाचा पुन्हा फोन आला. मी पायाचं विचारलं. त्याने चारही पाय पांढरे सांगितले.

"जात अशीच बारीक" ही ओळ माझी. हरणीला घेऊन बाहेर पडलं की कुणीतरी म्हणतंच, हिला खायला घालत नाही का. तिच्या फासळ्या दिसतात, त्या दिसायलाच हव्यात. पण ज्याला हे माहीत नाही तो तिला उपाशी भटकं कुत्रं समजणार. मला त्याचीच सगळ्यात भीती होती. भटक्या कुत्र्यांना नसबंदीसाठी उचलतात, खुणेसाठी कानाचा तुकडा कापतात आणि उचललं तिथेच परत सोडतात. भटक्यांसाठी हे योग्यच आहे, मी स्वतः आमच्या गल्लीतल्या दोघींची करून आणली आहे. पण हरणीच्या गळ्यात पट्टा नव्हता. आणि लोकांना वाटतं तशी चिप काही ठिकाणा सांगत नाही. तांदळाच्या दाण्याएवढी ती वस्तू, तिच्यात बॅटरी नसते, स्कॅनर अगदी अंगाजवळ नेला तरच पंधरा आकडी नंबर दिसतो. कुणीतरी स्कॅनर धरेपर्यंत ती मुकीच.

मी मंगळवारी रात्री दोन वाजता न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर हरवलेल्या विवी या कुत्रीबद्दल वाचत बसले होते. व्हिपेट, म्हणजे हरणीच्याच पठडीतली, नजरेने शिकार करणारी. २००६ च्या फेब्रुवारीत वेस्टमिन्स्टरच्या शोमध्ये पारितोषिक घेऊन दुसऱ्या दिवशी कॅलिफोर्नियाला घरी निघाली होती. विमानात चढवायच्या आधी पिंजऱ्यातून सुटली आणि पळाली. माणसं कित्येक महिने शोधत होती. ती सापडली नाही. हे वाचायला नको होतं. पण वाचलं, आणि बुधवारी दुकान उघडायच्या आधी मी शटरसमोर उभी होते.

पोस्टरं कुठे लावायची हेही दादांनी सांगितलं, आणि मला वाटतं पिवळ्या कागदापेक्षा याचा उपयोग जास्त झाला. खांबांवर आणि भिंतींवर चिकटवू नका म्हणाले. १९९५ चा मालमत्ता विद्रूपणाचा कायदा आहे, पालिकेची माणसं सकाळी काढून नेतात, तुमचे पैसे आणि दिवस दोन्ही जातात. दुकानदाराला विचारून दुकानात लावा, लावणाऱ्याशी दोन मिनिटं बोला. "आणि काकू, घाबरलेलं जनावर दिवसा हलत नाही. रात्री जागणाऱ्यांना द्या." मग एका रद्दी कागदावर त्यांनी भराभर लिहिलं: केईएमच्या गेटसमोरचे चहावाले, टाटाच्या फुटपाथवर झोपणारे पेशंटचे नातेवाईक, अँब्युलन्सवाले, दादर स्टेशनबाहेर पहाटे पेपर लावणारी मुलं, दुधाचे टेम्पो, वडाळा डेपो, मासळी बाजार. तो कागद माझ्या पाकिटात आहे.

दोनशे ए-फोर मी दोन दिवसांत आंधळेपणाने वाटले होते, सोसायट्यांच्या गेटवर, जिथे रात्री अकराला वॉचमन खुर्चीत डुलतो. या वेळी साठच छापले. मोठ्यांचे प्रत्येकी वीस रुपये, शिवाय खिशात ठेवण्यासारख्या शंभर चिठ्ठ्या. एकूण साडेसोळाशे झाले, त्यांनी पंधराशे घेतले.

पहिला खरा फोन गुरुवारी पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी आला. साताऱ्याकडचे एक गृहस्थ, मुलगा केईएममध्ये ॲडमिट, चहाला बाहेर पडले होते. शिवडीकडे जाणाऱ्या रस्त्याने एक उंच कुत्री एकटीच चालत गेली म्हणाले. मी पायाचं विचारलं. ते म्हणाले, "बाई, अंधार होता, खोटं कशाला सांगू." त्या एका वाक्यावर मी विश्वास ठेवला. दुसरा फोन एका टेम्पोवाल्याचा, तोही पहाटेचा, तोही पूर्वेकडचा. मुलाने नकाशावर ठिपके काढले. रेषा कॉटन ग्रीनच्या गोदामांकडे जात होती.

शुक्रवारी दुपारी परळच्या बाजारातल्या कोळीणमावशींचा फोन. त्या पहाटे भाऊच्या धक्क्यावर मासळी आणायला जातात आणि येताना गोदामांपाशी टेम्पो थांबवून तिथल्या कुत्र्यांना डोकी-शेपट्या टाकतात. बर्फवाल्याच्या पेटीवर आमचा पिवळा कागद बघून त्या म्हणाल्या, "मी तिला उपाशी समजून तीन दिवस बोंबिलाची डोकी घालतेय गं. कागदावर लिवलंय जात बारीक हाय, तवा समजलं." पांढरं बोट त्यांनी न विचारता सांगितलं.

शनिवारी पहाटे चारला आम्ही तिथे पोचलो. मुलाला मी गाडीतच बसवलं. हाक मारली नाही. भ्यालेली कारवान मालकाच्या हाकेलासुद्धा पळते, हे मला ठाऊक होतं, तरी तोंडातून नाव निघू नये म्हणून ओठ दाबून धरावे लागले. गोदामाच्या भिंतीशी, तिच्याकडे पाठ करून, जमिनीवर बसले. बाजूला तिची गोधडी आणि उकडलेली कोंबडीची कलेजी. तिथली कुत्री भुंकत होती, मावशींनी त्यांना पलीकडे नेऊन मासळी घातली. चाळीस मिनिटं झाली. मग माझ्या मानेला थंड नाक लागलं. मी तरीही वळले नाही. ती गोधडीवर आली, गोल फिरली आणि घरी बसते तशी माझ्या मांडीवर हनुवटी ठेवून बसली. तेव्हा पट्टा घातला. या वेळी ओढलं की आवळणारा, रुंद.

सकाळी परळच्या बैलघोड्यात नेलं. १८७४ पासून जनावरांसाठी झटणाऱ्या संस्थेचं हे हॉस्पिटल, माझे वडीलही त्याला बैलघोडाच म्हणायचे. चिप स्कॅन केली, पंधरा आकडे माझ्या कागदाशी जुळवून बघितले, सगळे जुळले. वजन तेवीसचं साडेवीस. पंजे कापलेले, अंगावर गोचीड. कान दोन्ही शाबूत.

आता दुकानाबद्दल राहिलेलं. जागा अरुंद आहे, एका वेळी तिघेच उभे राहू शकतात. परीक्षांच्या दिवसांत सकाळी जाऊ नका, तासभर जातो. गणपतीच्या आधीचा महिना त्यांना बोलायला फुरसत नसते. पेन ड्राइव्ह घेत नाहीत, फाइल व्हॉट्सॲपवरच पाठवावी लागते, फोटो बारीक होऊन येतो, म्हणून डॉक्युमेंट करून पाठवा. लॅमिनेशन इथे करू नका, बुडबुडे राहतात.

शनिवारी अकराला मी पेढे घेऊन गेले. दादांनी पेढा हातात धरला, मशीन चालू केलं आणि लाल अक्षरांत "सापडली" छापलेल्या साठ पट्ट्या माझ्यासमोर ठेवल्या. म्हणाले, "आज रात्रीच सगळीकडे लावून या. ते केईएमचे गृहस्थ अजून रस्त्याकडे बघत बसले असतील." पैसे घेतले नाहीत.

सत्तावन्न पट्ट्या लावून झाल्या. एक पोस्टर दादरला कुणीतरी काढून नेलं होतं, एक मुलाने घरी ठेवलं. बर्फवाल्याच्या पेटीवरचं मावशींनी लावू दिलं नाही. म्हणाल्या, राहू दे, तिचा फोटो चांगला आलाय.